फाटकावरचं नाक

दिर्क्सबाईंनी ओल्या सदऱ्यांचं गाठोडं टेबलावर आदळलं, तेव्हा क्नोप राईच्या पावावर लोणी थापत होता. वेळ वाईट होती.

“हे घ्या तुमचे सदरे. मी धुणार नाही.”

“का हो? काय केलं मी?”

“सदरे अंगात घालता की पावात? व्हिनेगरच्या पाण्यात बुडवले मात्र, नासक्या लोण्याचा असा भपकारा सुटला की माझी मांजर उठून शेजारी राहायला गेली!”

क्नोपने एक सदरा नाकाशी नेला आणि लगेच हात लांब केला. तो निवृत्त हवालदार होता. उभ्या नोकरीत त्याच्यावर आळशीपणाचा आरोप बरेचदा झाला होता, पण अस्वच्छतेचा कधीच नाही.

खिडकीपाशी बसलेल्या थेक्ला ट्रॉम यांनी विणकाम बाजूला ठेवलं. नवऱ्याच्या मागे त्यांनी औषधांचं दुकान मोडून तिथेच खासगी तपासाची कचेरी थाटली होती आणि क्नोपला मदतीला घेतलं होतं. गावातली माणसं त्या जमा आणि खर्च अशा दोन बाजूंनी तपासत. क्नोपच्या जमेला एकच गोष्ट होती, पण ती मोठी होती: तो मनात येईल ते बोलून टाके.

“कपडे आधी व्हिनेगरमध्ये कशाला, दिर्क्सबाई?”

“त्यात कारखान्याचं गाठोडं होतं ना! त्यांच्या कपड्यांना कॉस्टिक सोडा लागलेला असतो. एकदा हात सोलवटून निघाले माझे. तेव्हापासून त्यांचं काहीही आलं की आधी व्हिनेगर, मग साबण. पिंपात जागा होती म्हणून ह्यांचे सदरे टाकले. नसती अवदसा!”

“मग वास कारखान्याच्या कपड्यांचा नसेल कशावरून?”

“मी काय न हुंगता घेते? कसलाच वास नव्हता त्यांना. एक बाही खळ दिल्यासारखी कडक होती, तेवढंच. आणि तिथला वास यायचाच तर गुलाबाचा येईल. लोण्याचा कसा येईल?”

एवढं बोलून त्यांनी क्नोपच्या हातातल्या पावाकडे पाहिलं. थेक्लाबाईंनीही पाहिलं. क्नोपने पाव खाली ठेवला.

तेवढ्यात दार उघडलं. आधी अननसाचा वास आत आला, मग एक तरुण स्त्री.

“मी डॉक्टर रोझविता हाल्म,” ती म्हणाली. “रेपिनांच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ आहे. निदान आज संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत.”

दिर्क्सबाईंनी नाक वर केलं. “ह्याला म्हणतात वास,” असं क्नोपला सुनावून त्या निघून गेल्या.

वेझर नदीकाठच्या ह्या गावात सगळ्यांची चूल रेपिनांच्या कारखान्यावर पेटत असे. लिमलेटच्या गोळ्या आणि सरबतं यांच्यासाठी लागणारे सुगंधी अर्क तिथे बनत. फळ न वापरता फळाचा वास काढायचा, हा तिथला धंदा.

“मी नवा अननस काढला,” रोझविता सांगू लागली. “बाजारातला अननस गोळीसारखा लागतो. माझा सालीखालच्या पिकल्या गरासारखा आहे. पसंत पडला तर मालक पेटंट घेऊन नवा विभाग काढणार होते, मी त्याची प्रमुख. त्यांना दाखवायला एकच चंबू भरून ठेवला होता. बुधवारी जेवून परत आले, तर चंबू फुटलेला. टेबलावर वाटीभर सांडलं होतं. बाकीचं गायब. आधी कुणीतरी ओतून घेतलं, मग हातातून चंबू निसटला.”

“आणि आरोप तुमच्यावर?”

“संध्याकाळी फाटकावर सगळ्यांना हुंगतात. अर्क चोरून नेऊ नये म्हणून आमच्याकडे ही जुनी पद्धत आहे. योब्स्ट नावाचा पहारेकरी आहे, त्याच्या नाकाला गावात घड्याळापेक्षा जास्त मान आहे. मालक म्हणाले, चंबू फुटला म्हणजे चोराच्या अंगावर अर्क उडालाच असणार. तेव्हा ज्याला अननसाचा वास, तो चोर.”

“आणि वास फक्त तुम्हाला आला.”

“मी वर्षभर तोच बनवतेय! माझ्या केसांनासुद्धा येतो. मालकांनी माझा ॲप्रन जप्त केला आणि भर फाटकात, दोनशे माणसांसमोर मला बाजूला उभं केलं. आता कागद पुढे केलाय. हाम्बुर्गच्या कुणाला अर्क विकला असं कबूल करा, सही करा आणि गुपचूप जा. नाहीतर भोंग्यानंतर पोलीस.”

“सही केली तर तुरुंग टळेल,” क्नोप सावधपणे म्हणाला.

“आणि मग? चोर ठरलेल्या बाईला कुठली प्रयोगशाळा दारात उभी करेल? इथवर यायला काय करावं लागलं ते मला ठाऊक. मी सही करणार नाही. पोलीस येऊ देत, बँड घेऊन येऊ देत!”

थेक्लाबाईंनी टोपी चढवली. “क्नोप, तो सदरा कागदात गुंडाळून ठेवा.”

“धुवायला टाकू?”

“खबरदार.”

*

फोल्कमार रेपिन यांनी थेक्लाबाईंना बसायला खुर्ची दिली, चेहरा मात्र उभं ठेवल्यासारखा केला.

“तुमची गरज नाही, बाई. नाकाने निकाल दिलाय.”

“मग मी फेरफटका मारल्याने नाकाचं काय जाणार आहे? दुपारच्या सुट्टीत त्या खोलीकडे कोण कोण जाऊ शकत होतं?”

“बाकीचे सगळे खाणावळीत. मोकळे होते ते तिघेच. फाटकावरचा योब्स्ट, माझा पुतण्या आर्नो आणि आमचे मुख्य रसायनतज्ज्ञ डॉक्टर स्ट्रूवे. तिघांनाही वास नव्हता. संपलं.”

योब्स्ट पहारेकरी जाड लोकरीच्या गणवेशात कोंबलेला होता.

“एकच गणवेश देतात. चार वर्षांत अंगावरून उतरला नाही,” तो म्हणाला. क्नोपला पुराव्याची गरज भासली नाही.

“तुमचं नाक कधी चुकतं का?”

“नाक? कधीच नाही. गेल्या साली एकाने बुटात बदामाचा अर्क नेला होता, मोजे न काढता पकडला. इथून काही बाहेर जात नाही, बाई.”

“बुधवारी काहीच गेलं नाही?”

“अननस म्हणाल, तर फक्त डॉक्टरीणबाईंच्या अंगावर.” त्याने मान खाली घातली. “मला बरं नाही वाटलं. पण वास तो वास.”

आर्नो रेपिन मालाचे नमुने घेऊन गावोगाव फिरणारा, गुळगुळीत भांगाचा गृहस्थ होता. त्याच्या अंगावर कोलन अत्तराचा दरवळ होता आणि करड्या रंगाचा झुळझुळीत सूट.

“कोलनखाली अननस दडतो का हो?” थेक्लाबाईंनी सरळच विचारलं.

“योब्स्टच्या नाकापुढे? त्याला कोलनची बाटलीसुद्धा कुठल्या दुकानातली ते कळतं.” तो हसला. “शिवाय मी चोरी कशाला करू? ती बाई जे बनवेल ते मीच विकणार होतो.”

“बुधवारी हाच सूट होता?”

“आठवडाभर हाच. इंग्लिश लोकर आहे. हात लावून बघा.”

थेक्लाबाईंनी खरंच बाही चिमटीत धरून पाहिली. मऊ, एकसारखी, नव्यासारखी.

डॉक्टर एगबर्ट स्ट्रूवे यांची खोली रोझविताच्या खोलीला लागून होती. नवाकोरा पांढरा सुती ॲप्रन, टोकदार दाढी आणि बोलण्यात पाहुण्याला विद्यार्थी करून टाकण्याची लकब.

“दुपारच्या सुट्टीत कुठे होतात, डॉक्टर?”

“इथेच. दार लावून. मला डबा शांतपणे खायला आवडतो. ना कुणी आलं, ना मी गेलो.”

“शेजारी काच फुटल्याचा आवाज?”

“प्रयोगशाळेत काच फुटणं म्हणजे चर्चमध्ये खोकणं. कोण लक्ष देतो?”

“हाल्मबाईंच्या अर्काबद्दल काय मत?”

“स्वयंपाकघर!” ते म्हणाले. “अननसासाठी त्यांना ब्युटिरिक आम्ल लागतं. नासक्या लोण्याला जो वास असतो ना, तेच आम्ल. अल्कोहोलशी सांधा जुळला की त्याचा सुगंधी एस्टर होतो, हे खरं. पण मी तसल्या घाणीत हात घालत नाही. मी अल्डिहाइडांचा माणूस. कडू बदाम, व्हॅनिला. ह्या खोलीत वर्षभरात त्या आम्लाचा किंवा त्याच्या एस्टरचा थेंब आलेला नाही. हुंगा हवं तर!”

थेक्लाबाईंनी हुंगलं. बदाम आणि तंबाखू. बाकी काही नाही.

कपाटात तपकिरी बाटल्या ओळीने उभ्या होत्या. सगळ्यांवर ‘कडू बदाम’ अशी चिठ्ठी.

“हे बर्फ पडलंय की काय?” क्नोपने विचारलं. बाटल्यांच्या बुचांभोवती मिठासारखी पांढरी खर साचली होती.

“अल्डिहाइडला हवा सोसत नाही,” स्ट्रूवे कंटाळून म्हणाले. “बुचापाशी हवा लागली की त्याचं आम्ल होतं, पांढरे स्फटिक धरतात. हा सगळा गेल्या वर्षीचा साठा. तेव्हापासून एकाही बाटलीला हात लागलेला नाही.”

“एक बरीक नेटकी दिसतेय. तिची मान पुसल्यासारखी आहे,” क्नोप म्हणाला.

“हवालदार, तुम्ही मोलकरीण शोधताय की चोर?”

क्नोप ओशाळला. कपाटाच्या काचेला टेकल्याने त्याच्या हाताला धूळ लागली होती. त्याने नळाखाली हात धुतले आणि खुंटीवरच्या टॉवेलला पुसले.

“अहो, हा टॉवेल आहे की फळी? आणि साबण तसाच राहिलाय ह्यात. बुळबुळीत लागतोय. हातही चुरचुरतायत.”

“काचेची भांडी धुतो मी. स्पिरिटमध्ये कालवलेल्या कॉस्टिक सोड्याने. प्रत्येक प्रयोगशाळेत असतो.” स्ट्रूवेंनी दाराकडे हात केला. “आणखी काही?”

“आता काही नाही,” थेक्लाबाई म्हणाल्या. “फार मदत झाली.”

बाहेर येताच त्यांनी क्नोपला दिर्क्सबाईंकडे पिटाळलं.

“पुन्हा? त्या मला जिवंत सोडतील?”

“सदरा घेऊन जा. म्हणावं, माझं नाव धुऊन निघतंय. आणि ती कडक बाही ज्या कपड्याची होती, तो कपडा घेऊन त्यांनाच इथे आणा.”

मग त्या खाणावळीत गेल्या आणि काकड्या मुरवायच्या व्हिनेगरची बरणी मागून घेतली.

*

भोंगा व्हायला थोडा वेळ होता. रेपिनांच्या खोलीत सगळे जमले. टेबलावर कबुलीचा कागद आणि टाक तयार होता. रोझविता त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभी होती.

“सही करा आणि मोकळ्या व्हा,” रेपिन म्हणाले.

“तुम्ही कितीही वेळा म्हणा. माझं उत्तर बदलणार नाही.”

“मालक, टाक वाळू द्या,” थेक्लाबाई म्हणाल्या. “इथे सगळे नाकावर विसंबतात. नाक सांगेल तेवढंच खरं. म्हणून बुधवारी तुम्ही ज्याला वास येतो त्याला शोधलंत. अहो, हाल्मबाईंना मंगळवारीही वास येत होता! शोधायला हवा होता तो ज्याला वास यायला पाहिजे होता, पण आला नाही.”

“न येणारा वास शोधायचा कसा?” आर्नो हसला.

“हाल्मबाई, अननसाच्या एस्टरवर कॉस्टिक सोडा ओतला तर काय होतं?”

रोझविताने मागे बांधलेले हात सोडले. मग तिचे डोळे मोठे झाले. “सांधा सुटतो. स्पिरिटमधला असेल तर फार लवकर. अल्कोहोल वेगळं होतं. आम्लाला सोडा धरून ठेवतो, त्याचा क्षार बनतो. आणि क्षाराला…” ती हळू म्हणाली, “क्षाराला वास नसतो.”

“चोराच्या बाहीवर अर्क उडाला. फाटकावर योब्स्ट. साबणपाण्याने अननस इतक्या लवकर जात नाही. तेव्हा ह्या माणसाने बाही स्पिरिटच्या सोड्यात बुचकळली. अननस मेला. हे कुणाला सुचेल? ज्याचा रोजचा धंदा हाच, त्याला. आता कपड्यांकडे या. योब्स्टचा गणवेश लोकरीचा, आर्नोंचा सूट लोकरीचा. हाल्मबाई, लोकरीवर कॉस्टिक पडला तर?”

“लोकर प्रथिनांची असते. तिच्यातले अमाइडचे सांधेसुद्धा तो तोडतो. बाही पिवळी पडेल, गळून जाईल.”

“दोघांच्याही बाह्या शाबूत आहेत, आणि दोघांकडे तेव्हापासून तेच कपडे. सोड्यात टिकतो तो सुती कपडा. इथे सुती ॲप्रन घालणारे दोघे. एकीचा ॲप्रन मालकांच्या ताब्यात आहे, अजून अननसाने घमघमतोय. त्यांनी चोरी केली असती, तर वास मारायची युक्ती त्यांनाही येत होती. मग त्या तो अंगावर मिरवत फाटकात कशाला आल्या असत्या? राहिला दुसरा.”

स्ट्रूवेंनी भुवया उंचावल्या. “छान व्याख्यान. पुरावा?”

“दिर्क्सबाई!”

परटीणबाई आत आल्या. त्यांच्या हातात घडी केलेला ॲप्रन होता. “हाच तो कडक बाहीवाला. गळ्यापाशी लाल दोऱ्याने एगबर्ट स्ट्रूवे लिहिलंय. कोरडा असताना वास नव्हता. व्हिनेगरमध्ये पडल्यावर जे काही झालं, त्याबद्दल मी ह्या गरीब हवालदारांना नाही नाही ते बोलले.”

“लोण्याबद्दल बोललात ते फार लागलं,” क्नोप पुटपुटला.

“परटिणीच्या पिंपावरून तुम्ही मला चोर ठरवणार?” स्ट्रूवे म्हणाले. “त्यात गावभराचे कपडे असतात!”

“म्हणून तर तुम्ही इकडे आल्यावर तुमच्या खोलीतला टॉवेल काढून आणलाय. बाही पिळून हात ह्यालाच पुसलेत. वास नव्हता म्हणून तुम्हाला तो खुंटीवर दिसलाही नाही. योब्स्ट, हुंगा.”

योब्स्टने डोळे मिटून टॉवेल हुंगला. “काही नाही.”

थेक्लाबाईंनी बरणी तिरपी केली. व्हिनेगर पडताच टॉवेलवर बारीक बुडबुडे फसफसले. हवेतला वायू शोषून बसलेला सोडा आधी बुडबुडे सोडून शांत झाला. त्यांनी आणखी ओतलं. आणि मग तो आला: नासलेल्या लोण्याचा, घामट मोज्यांचा भपकारा. आर्नोने रुमाल तोंडाला लावला. रेपिनांनी खिडकी उघडली. योब्स्ट तीन पावलं मागे सरकला.

“ब्युटिरिक आम्ल,” रोझविता म्हणाली. खोलीत एकटीच ती सरळ उभी होती. “सोड्याने धरून ठेवलं होतं. व्हिनेगरने सोडवलं.”

“ज्या खोलीत वर्षभरात त्याचा थेंबही आला नाही, त्या खोलीतला टॉवेल,” थेक्लाबाई म्हणाल्या. “हे तुमचेच शब्द, डॉक्टर. आणि बुधवारी दार लावून तुम्ही एकटेच आत होतात, हेही तुम्हीच सांगितलंत. दुसऱ्या कुणी टॉवेल वापरला म्हणायची सोय तुम्ही स्वतःच ठेवली नाहीत.”

स्ट्रूवे दाढीवरून हात फिरवत उघड्या खिडकीकडे सरकले.

“आणि अर्क? तो कुठेय?” रेपिन ओरडले.

“फाटकातून नेता येत नव्हता, म्हणजे आतच. क्नोप, ती नेटकी बाटली.”

येताना डॉक्टरांच्या कपाटातून उचललेली तपकिरी बाटली क्नोपने कोटाखालून काढली. “मोलकरीण सापडली नाही, डॉक्टर. पण हे सापडलं.”

“कडू बदामाच्या प्रत्येक बाटलीच्या गळ्याला खर धरलेली. अल्डिहाइड हवेत तसाच राहू शकत नाही. ह्या एकीचाच गळा स्वच्छ, म्हणजे हिच्यात अल्डिहाइड नाही, चिठ्ठी काहीही म्हणो.”

रोझविताने बूच काढलं. कुबट खोलीत पिकल्या अननसाचा गर फुटल्यासारखा वास पसरला. तिने डोळे मिटले, उघडले आणि बूच घट्ट लावलं.

“नव्या विभागाची प्रमुख ती होणार होती,” स्ट्रूवे एकदम म्हणाले. “माझ्या डोक्यावर! वीस वर्षं मी ह्या कारखान्याला… हिने वर्षभर लोणी ढवळलं आणि…”

“आणि पेटंट तुम्ही स्वतःच्या नावाने मागणार होतात,” थेक्लाबाई म्हणाल्या. “वीस वर्षांच्या जमेवर एका दुपारचा खर्च. ताळा बसत नाही, डॉक्टर.”

रेपिनांनी कबुलीचा कागद हळूच खणात सरकवला. मग घसा साफ केला आणि आवाजात मध आणला.

“हाल्मबाई, गैरसमज झाला. डॉक्टर आजारपणाच्या कारणाने जातील. विभाग तुमचा, पेटंट तुमच्या नावाने. फक्त हे ह्या खोलीत राहू द्या. कारखान्याच्या नावाचा प्रश्न आहे.”

क्नोपला वाटलं, काम झालं. तो टोपी शोधू लागला.

“नाही,” रोझविता म्हणाली.

“म्हणजे?”

“मला ह्या खोलीत चोर ठरवलं नव्हतं. फाटकावर ठरवलं होतं, दोनशे माणसांसमोर. तेव्हा कारखान्याच्या नावाचा प्रश्न नव्हता का? फक्त माझ्याच नावाचा होता?” तिने बाटली छातीशी धरली. “माझं नाव जिथे हिरावून घेतलंत तिथेच परत करा. तुम्ही स्वतः. नाहीतर अननस घेऊन मी आत्ता निघते. सांधा कसा जुळवायचा ते माझ्या डोक्यात आहे, तिथे योब्स्टचं नाक पोचत नाही.”

भोंगा झाला.

रेपिनांनी थेक्लाबाईंकडे पाहिलं. त्यांनी विणकामाची सुई काढून टाके मोजायला घेतले होते.

फाटकाशी कामगारांची रांग लागली होती. मालकांना टोपी हातात घेऊन दगडी पायरीवर चढलेलं कुणीच कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे कुजबुज आपोआप थांबली. रेपिन बोलले. आवाज आधी खूप लहान होता. “ऐकू येत नाही!” असं मागून कुणीतरी ओरडलं, तेव्हा त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं: चोर कोण, आणि चोर कोण नव्हतं.

मग रोझविता पुढे आली. योब्स्ट घाईने बाजूला झाला आणि त्याने रस्ता मोकळा केला.

“जा बाई, जा. तुम्हाला नको.”

“का नको?” तिने कोटाची बाही त्याच्या नाकासमोर धरली. “सगळ्यांना हुंगता, मलाही हुंगा. आणि मोठ्याने सांगा.”

योब्स्टने मालकांकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. मग वाकून मनापासून श्वास घेतला.

“अननस, डॉक्टरीणबाई.”

“कुणाचा?”

“तुमचा!” योब्स्ट ओरडला, इतका की वेझरच्या पलीकडे ऐकू गेलं असावं.

ती फाटकातून बाहेर पडली. वास तिच्या मागे रस्ताभर रेंगाळत राहिला आणि रांगेतल्या प्रत्येकाने तो घेतला.